गाडीचा राखणदार : गाऱ्हाण्यापासून चिपपर्यंत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप संपादक मंडळाने धाडला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. संस्थेच्या स्थापनेचा, पाण्याच्या टाकीचा, गणेशोत्सवाचा इतिहास इतर मंडळी लिहिणारच आहेत. त्यावर उत्तर आलं, "तुम्ही गाड्यांच्या अलार्मवर लिहा. नवीन गाडी घेतली की जो तो तुमच्याकडेच विचारायला येतो, कुठला बसवू म्हणून." एसटीच्या वर्कशॉपात वायरिंगची कामं करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून लोक विचारतात हे खरं. पण मी हो म्हटलं ते वेगळ्या कारणाने. या विषयाशी मी सेक्रेटरी असताना काढलेली एक नोटीस जोडलेली आहे. जुन्या मंडळींना ती आठवत असेल. नव्यांना कुणी सांगितलेली नाही. ती कागदावर यावी, म्हणून हा लेख.

गडगा, बेडा आणि किल्ला

मालवणात राखणीचा विषय निघाला की बोट किल्ल्याकडे जातंच. कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. पाहुण्यांना होडीतून नेताना आपण सगळेच एक खेळ करतो. "दरवाजा शोधा बघू!" तट दिसतो, बुरूज दिसतात, पण होडी अगदी जवळ जाईपर्यंत महादरवाजा काही दिसत नाही. त्यातून आजूबाजूला पाण्याखाली खडक. वाट ठाऊक असलेल्यानेच होडी हाकावी. म्हणजे राखणीची तीन कामं तिथे झालेली दिसतात. वाट लपवायची. शत्रूचा वेळ खायचा. आणि तेवढ्या वेळात आतल्या माणसाला जाग आली पाहिजे. गाडीच्या कुलपांचा पुढचा सगळा इतिहास या तीन कामांतच बसतो, असं माझं मत आहे.

आपल्या घरांची राखण तर त्याहून साधी होती. चिऱ्यांचा गडगा, त्याला बेडा, दाराला आतून आडणा आणि खळ्यात कुत्रा. परका माणूस वाडीत शिरला की चार घरांतून विचारणा व्हायची, "कोण रे तो? खय चल्लास?" आणि या सगळ्यावर गावचा राखणदार होताच. गडगा काही कुणाला अडवण्याइतका उंच नव्हता. अडवायची ती विचारणाच.

पार्किंगमधल्या पहिल्या गाड्या

आपण इथे राहायला आलो तेव्हा कोकण रेल्वे नुकतीच पूर्ण मार्गावर धावायला लागली होती (२६ जानेवारी १९९८). मुंबईकर मंडळींनी 'गावाक एक फ्लॅट असांदे' म्हणून घरं घेतली. तीन विंगांच्या मध्ये मोकळी जागा, कडेने माड. तिथे उभ्या राहायच्या त्या बहुतेक स्कूटर. हँडल लॉक लावलं की झालं. चारचाकी दोनच. ए विंगमधल्या कंत्राटदारांची प्रीमियर पद्मिनी आणि बी विंगमधल्या गुरुजींची मारुती ८००, तीही सेकंडहँड.

नवीन गाडी आली, मग ती सेकंडहँड का असेना, की पहिली फेरी देवळात. नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी एका सुरात "व्हय महाराजा" म्हणायचं. मग बंपरला लिंबू-मिरची. गुरुजींच्या गाडीला हे सगळं झालं. त्यापलीकडे तिला होतं ते दाराचं कुलूप आणि स्टिअरिंगचं कुलूप.

त्या काळच्या गाड्यांची कुलपं किती पक्की होती ते सांगतो. पद्मिनी आणि अँबॅसडर या दोघींना पुढच्या दारात एक छोटी त्रिकोणी काच असायची, वारा येण्यासाठी. तिची खिट्टी सैल झाली की बाहेरून काच ढकलून आत हात घालता यायचा. पहिली मारुती ८०० १४ डिसेंबर १९८३ रोजी हरपाल सिंग यांना इंदिरा गांधींच्या हस्ते मिळाली, तो किल्ली देतानाचा फोटो आपण पाहिलेला आहे. ती किल्ली म्हणजे नुसती दाते पाडलेली पट्टी. एका मारुतीची झिजलेली किल्ली दुसरीच्या दाराला लागलेली मी स्वतः पाहिली आहे.

तेव्हा चोर गाडीपेक्षा गाडीतल्या वस्तूंवर जास्त डोळा ठेवायचे. टेप, बॅटरी, स्टेपनी. म्हणून टेपचं पुढचं तोंड काढून खिशात घालून घरी नेण्याची पद्धत आली. बाजारातून पिशवी एका हातात आणि टेपचं तोंड दुसऱ्या हातात, असे लोक आपल्या जिन्यात दिसायचे. गाडीसाठी मिळायचं ते गिअर लॉक. गिअरच्या दांड्याला जखडून ठेवणारा पोलादी आकडा. दिसायला ओबडधोबड, पण चोराचा वेळ खाण्याचं काम चोख करायचा. आजही करतो.

सहा सुरांचा काळ

मग रिमोटचे अलार्म आले. नाशिकच्या ऑटोकॉपचं नाव तर इतकं रुळलं की कुठल्याही कंपनीचा अलार्म असला तरी लोक 'ऑटोकॉप बसवला' म्हणायचे. त्याच्या पाठोपाठ बिननावाचे स्वस्त अलार्मही आले. आपल्याकडे आले ते बहुतेक असलेच.

आतली यंत्रणा सोपी असते. दाराला आणि बोनेटला एकेक स्विच. धक्का ओळखणारा एक सेन्सर. बोनेटखाली भोंगा. आणि एक रिले, जो इंजिनाचा किंवा पेट्रोलपंपाचा करंट तोडतो. रिमोट दाबला की हे सगळं जागं होतं. सेन्सरवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून धक्का किती जोराचा लागल्यावर ओरडायचं ते ठरवता येतं. बसवणारा मेकॅनिक गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून हा स्क्रू शेवटापर्यंत फिरवून ठेवायचा. टिचकी मारली की भोंगा सुरू. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा!"

आणि मग रात्री काय व्हायचं ते आपण भोगलेलं आहे. बोनेट गरम म्हणून मांजर येऊन बसलं, भोंगा. माडाचं चुडत पडलं, भोंगा. पाडव्याला रामेश्वराच्या पालखीचे फटाके वाजले, सगळ्या गाड्या एकदम. एकेका भोंग्यात सहा वेगवेगळे सूर आणि ते पाळीपाळीने. पोरांनी ते तोंडपाठ केले होते. कुणाचा अलार्म किती वेळ वाजणार यावर गॅलरीत पैजा लागायच्या.

पहिल्या महिन्यात भोंगा वाजला की दिवे लागायचे. तिसऱ्या महिन्यात नुसता आवाज यायचा, "कोणाची गाडी बोंबलता रे ती?" सहाव्या महिन्यात खिडक्या बंद व्हायला लागल्या. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो होतो. इथे ती रोज रात्री घडत होती.

नोटीस

त्या वर्षीच्या मे महिन्यात वळवाचा पाऊस लागोपाठ तीन रात्री गडगडत आला. गडगडाटाने भोंगे सुरू व्हायचे. सी विंगमध्ये एका घरी तान्हं बाळ होतं, ए विंगमध्ये एक आजोबा आजारी. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या दारात सहा जण उभे. मी त्याच दिवशी नोटीस लावली. रात्री १० ते सकाळी ६ सर्व सभासदांनी वाहनांचे अलार्म बंद ठेवावेत, खाली माझी सही. कायदाही माझ्या बाजूने होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आहेत आणि त्यांत रात्र म्हणजे १० ते ६, निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल. गाडीचा भोंगा शंभराच्या वर जातो. नोटीस बरोबर होती असं मला तेव्हा वाटलं. कायद्याने ती बरोबरच होती.

बहुतेकांनी ती दोन दिवस पाळली आणि विसरले. गुरुजींनी मात्र रोज रात्री खाली उतरून बटण बंद करायचं व्रत घेतलं. मास्तर माणूस, नोटीस म्हणजे नोटीस.

तीन आठवड्यांनी त्यांची मारुती गेली.

इथे एक सांगायला हवं. गुरुजींनी ती गाडी हौसेने घेतलेली नव्हती. बाईंना उपचारांसाठी वरचेवर गोव्याला, बांबोळीला न्यावं लागे. एसटीचा प्रवास त्यांना झेपेना, म्हणून निवृत्तीच्या पैशांतून ती गाडी आली होती. सकाळी मी खाली गेलो तेव्हा गुरुजी रिकाम्या जागेजवळ उभे होते, हातात किल्ली. मला पाहून ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही सांगलात तसा मी केलंय, बरा."

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

पोलिसांत तक्रार झाली. गाडी अकरा दिवसांनी हायवेवर बांद्याच्या अलीकडे सापडली. चाकं, टेप, बॅटरी काही नव्हतं. त्या अकरा दिवसांत बाईंना दोनदा बांबोळीला नेलं ते कंत्राटदारांच्या पद्मिनीने. तिसऱ्या वेळी मी जीप भाड्याने केली. पैसे मी देतो म्हटलं, तर गुरुजींनी घेऊ दिले नाहीत.

मी आपला मनाची समजूत घालायला चौकशी करत हिंडलो. तेव्हा कळलं की त्या रात्री अडीचच्या सुमारास दोन घरांना आवाज ऐकू आला होता. एकाने काच फुटल्याचा ऐकला, एकाने गाडी सुरू झाल्याचा. दोघांनाही वाटलं, कुणीतरी कुडाळला ट्रेन पकडायला निघालं असेल. दोघेही उठले नाहीत. आदल्या महिन्यात तर एका गाडीचा भोंगा अर्धा तास वाजत होता आणि तेव्हाही कुणी उठलं नव्हतं. म्हणजे गुरुजींचा अलार्म चालू असता तरी कदाचित हेच झालं असतं. ही माझी सुटका नाही, हे मला कळतं. पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली. भोंग्याचं काम माणसाला उठवण्याचं. माणूस उठायचं थांबला की भोंगा असून नसल्यासारखाच. आणि आपली माणसं उठायची थांबली होती ती त्या भोंग्यांमुळेच. रोग तिथे होता आणि मी औषध म्हणून भोंगाच बंद करायला सांगितला.

विशेष सभा झाली. नोटीस मी स्वतः मागे घेतली. त्या सभेत ठरलेल्या चार गोष्टी आजही चालू आहेत, फक्त त्या कुठून आल्या हे नव्यांना ठाऊक नाही. एक, कुणाचाही अलार्म बंद करायचा नाही, सेन्सर मात्र बेताचा ठेवायचा. पुढच्या रविवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक गाडीचा स्क्रू फिरवला. मांजर बसलं तर गप्प आणि मुठीने काचेवर ठोकलं तर ओरडेल एवढा. दोन, गाडीचा नंबर, फ्लॅट आणि फोन यांची यादी वॉचमनजवळ. तीन, रात्री-अपरात्री गाडी काढायची असेल तर वॉचमनला आधी सांगायचं. चार, भोंगा वाजला तर त्या विंगमधल्या कुणीतरी गॅलरीतला दिवा लावून बाहेर यायचं. ओरडायची गरज नाही. दिवा लागला, माणूस दिसला, की पुरे.

भोंग्यापासून चिपपर्यंत

दरम्यान बाहेरच्या जगात कुलूप इंजिनातच गेलं. किल्लीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली घातली की स्टार्टरच्या कुलपाभोवतीचं वेटोळं तिला वीज पुरवतं आणि ती आपला क्रमांक सांगते. क्रमांक जुळला नाही तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू ठेवत नाही. याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात नव्या गाड्यांना तो १९९८ पासून सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१ पासून, कॅनडात २००७ पासून. आपल्याकडे मारुतीने आयकॅट्स नावाने तो दिला आणि इतर कंपन्यांनीही दिला. मांजराने, फटाक्याने त्याला काही होत नाही, कुणाची झोपही मोडत नाही. सिंधुदुर्गाच्या दरवाजासारखाच, असतो पण दिसत नाही.

मग चोरही शिकले. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली खिशात असली की दार उघडतं. दोन चोर दोन पेट्या घेऊन येतात. एक पेटी घराच्या दाराशी, एक गाडीशी. आतल्या किल्लीचा संदेश पेटीतून पेटीत जातो आणि गाडीला वाटतं मालक जवळ आला. झुरिचच्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर हे करून दाखवलं. म्हणून चप्पलस्टँडवर, दाराजवळच्या खुंटीला किल्ली टांगायची आपली सवय मोडायला हवी.

आज विचाराल तर

नवीन गाडी घेणारे विचारतात, "काका, कुठला अलार्म बसवू?" तर एकदाच लिहून ठेवतो.

आधी पुस्तिका बघा. गाडीला इमोबिलायझर आहे का, बरोबर अलार्म आहे का. पुष्कळ गाड्यांना कंपनीचं सगळं असतं आणि आपण उगाच दुसरं लटकवतो. कंपनीचा इमोबिलायझर असेल तर बाहेरच्या मेकॅनिकला वायर कापू देऊ नका. वॉरंटीवर पाणी पडतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत टेप गुंडाळलेला प्रत्येक जोड दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. बसवायचाच तर कपलरला कपलर जोडणारा घ्या. भोंगा बोनेटखाली तोंड खाली करून लावा, म्हणजे पाणी साचत नाही.

जुनी, चिप नसलेली गाडी असेल तर गिअर लॉक आणि पेट्रोलपंपाचा लपवलेला स्विच. स्विच कुठे आहे ते घरातल्या दोघांनाच ठाऊक हवं.

मुंबईकर सभासदांसाठी खास. तुमची गाडी गणपतीनंतर मेपर्यंत इथे उभी असते. अलार्मला थोडा करंट सतत लागतो. समजा २० मिलीअँपिअर धरला, तर दिवसाला साधारण अर्धा अँपिअर-तास. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच महिन्यांत पार उतरते आणि स्टार्टरला जड जायला त्याच्या निम्मे दिवस पुरतात. बॅटरी मेली की अलार्मही मेला. म्हणून एक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालवायला सांगा. शेजाऱ्याला गाडी वापरायला मिळते, तुमची गाडी जिवंत राहते. मात्र गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, हे लक्षात ठेवून किल्ली कुणाकडे आहे ते लिहून ठेवा.

जीपीएस ट्रॅकर चांगला, पण तो चोरी थांबवत नाही, गाडी शोधायला मदत करतो. त्यात सिमकार्ड असतं, त्याचं रिचार्ज संपलं की तो गप्प. घाटात रेंज जाते, ते वेगळंच. विम्यात सवलत मिळेल म्हणून महागडं यंत्र घेऊ नका. पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेल्या यंत्राला मोटार टॅरिफमध्ये सवलत ठेवली होती ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये.

बटणाची गाडी असेल तर किल्ली स्टीलच्या डब्यात ठेवा. डबा चालतो की नाही ते घरीच तपासा. डबा हातात घेऊन गाडीजवळ जा. दार उघडलं तर डबा बदला.

आणि नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी कंपनीकडूनच मिळते. जुन्या गाड्यांनाही ती लावून घ्यायची आहे. ती एकदा बसली की न तोडता निघत नाही, म्हणून चोरलेल्या गाडीला दुसरी पाटी लावणं अवघड होतं.

शेवटी एक विनंती

गुरुजींनी ती मारुती दुरुस्त करून पुढे कित्येक वर्षं वापरली. बाई गेल्यानंतर विकली. आज गुरुजीही आपल्यात नाहीत. माझी ती नोटीस मी फाईलमधून काढून टाकलेली नाही. मागे घेतल्याच्या ठरावाबरोबर टाचून ठेवली आहे, पुढच्या सेक्रेटरींनी वाचावी म्हणून.

परवा हा लेख लिहिताना वॉचमनच्या खोलीत जाऊन गाड्यांची यादी पाहिली. तिच्यात निम्म्या गाड्यांची नोंद नाही. तीन फोन नंबर अशा मंडळींचे आहेत जी फ्लॅट विकून कधीच गेली. आज आपल्याकडे फ्लॅटपेक्षा गाड्या जास्त आहेत आणि बहुतेकांना चिप आहे, तरी रात्री दिवा लावणारा माणूस चिपमध्ये नसतो. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमाच्या दिवशी मंडपाच्या दाराशी मी वही घेऊन बसणार आहे. प्रत्येकाने आपल्या गाडीचा नंबर, फ्लॅट आणि फोन लिहूनच आत जेवायला जावं, ही नम्र विनंती. ही मात्र नोटीस नव्हे.

– एक माजी सेक्रेटरी, बी विंग